सूज उतरली म्हणजे गुडघा बरा झाला का?

(परभणी जिल्ह्यातल्या कबड्डी-खो-खोच्या शिबिरात खेळाडू आणि पालकांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

चढाईला गेलेल्या पोराचा पाय मातीत रोवलेला, कुणीतरी घोटा धरलेला आणि अंग वरून फिरलेलं. अशा वेळी गुडघ्यात 'कट्' वाजतं. कधी तर कुणाचा धक्काही लागलेला नसतो. खो-खोत खांबाजवळ झटकन वळताना किंवा उडीवरून खाली येताना गुडघा आत वळतो आणि पुढचा क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटतो. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी दोरी.

त्यानंतर दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर ते सहसा सांध्यात साचलेलं रक्त असतं. गुडघ्यातल्या दोन हाडांमधली गादी (मेनिस्कस) फाटली की सूज बहुतेक दुसऱ्या दिवशी दिसते. म्हणून 'कधी सुजला?' हा माझा पहिला प्रश्न असतो. आपल्याकडं मात्र पहिली धाव चोळून देणाऱ्याकडं! बाबांनो, पहिले दोन-तीन दिवस चोळायचं नाही, गरम शेकही द्यायचा नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा, पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा. पाऊल गार पडलं किंवा बधिर झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा. तिथं रक्तवाहिनीचा प्रश्न असू शकतो.

मग फोटो काढतात. 'हाड चांगलंय' म्हणतात आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. एक्स-रेत लिगामेंट दिसतच नाही. डॉक्टरांनी हातानं नडगी पुढं ओढून तपासलं की बरंच कळतं, एमआरआय त्यानंतर.

खरी फसगत तिसऱ्या आठवड्यात होते. सूज उतरते, लंगडणं थांबतं, पोरगं मैदानावर जातं. दुसऱ्याच चढाईत गुडघा निसटतो आणि या वेळी गादीही फाटते. पहिल्या दुखापतीपेक्षा ही दुसरी जास्त महाग पडते, कारण पुढं सांधा झिजायची भीती वाढते.

आतल्या बाजूचा लिगामेंट, एमसीएल, बहुतेक वेळा ब्रेस, म्हणजे गुडघ्याला आधार देणारा पट्टा, आणि व्यायामानं जुळतो. एसीएल सांध्याच्या आत असतो, तिथल्या पाण्यात त्याची टोकं सहसा नीट जुळत नाहीत. तरी प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. पन्नाशीचा शेतकरी मांडीचे स्नायू कमावून सांभाळून घेऊ शकतो, पण नांगरलेल्या रानात पाय टाकताना गुडघा निसटत असेल तर विचार बदलावा लागतो. वळून खेळणाऱ्याला बहुतेक ऑपरेशनच. त्याचीही घाई नको. आधी गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे, सूज उतरली पाहिजे.

मांडीमागच्या स्नायूची दोरी (टेंडन) घेऊन दुर्बिणीतून नवा लिगामेंट बसवतात. शरीर तो नव्यानं घडवतं, आणि पहिल्या काही महिन्यांत तो उलट कमजोर होतो. तेव्हाच पोराला वाटतं, 'मी तर ठीक आहे!' निदान नऊ महिने थांबा. त्याआधी परतलेल्या खेळाडूंत पुन्हा दुखापत बरीच जास्त दिसते. पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणाऱ्यांनो, सरळ धावणं त्याआधी सुरू होऊ शकतं, पण मांडीची ताकद मोजून घेतल्यावर. एका पायावरच्या उडीत दोन्ही पायांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, तर अजून वेळ आहे.

मुलींच्या प्रशिक्षकांना एक सांगतो. याच खेळांत मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. सरावाआधी उडीवरून उतरताना गुडघा पावलाच्या रेषेत ठेवायला शिकवा, आठवड्यातून दोनदा तरी. याला पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

मागच्या ताई विचारतायत, ऑपरेशननंतर मांडी घालून बसता येईल का? येतं बहुतेकांना, काही महिन्यांनी. गादी शिवलेली असेल तर उकिडवं बसणं जास्त दिवस बंद, साधारण चार महिने. तोवर घरात कमोडची खुर्ची आणून ठेवा.