तोडण्याआधी एक निरोप

मंडळी, राजकारणावरून ऑनलाइन मैत्री तुटते, तेव्हा सहसा जिवलग मित्र तुटत नाही. २०१४ मध्ये गाझात युद्ध चालू होतं, त्या काळातल्या वागण्याबद्दल १०१३ ज्यू इस्रायली फेसबुक वापरकर्त्यांची पाहणी झाली. त्यातल्या १६ टक्क्यांनी कुणाला तरी अनफ्रेंड किंवा अनफॉलो केलं होतं, आणि कात्री लागली ती मुख्यतः जुजबी ओळखींना. शाळेत मागच्या बाकावर बसणारा, जुन्या नोकरीतली सहकारी, अशी माणसं.

मग बिघडलं काय, असं कुणी विचारेल. माझ्या मते बिघडतं ते इथेच. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं की नवी माहिती आपल्यापर्यंत पोचवण्यात अशा सैल ओळखींचा वाटा मोठा असतो. जवळच्यांना जे ठाऊक असतं, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. मतांचंही तसंच आहे. ज्याचं मत पटत नाही, पण जो माणूस म्हणून बरा आहे हे आपल्याला माहीत आहे, असा कुणी या सैल ओळखींतच भेटण्याची शक्यता जास्त.

नुसती विरोधी मतं कानावर पडून भागत नाही. अमेरिकेत ख्रिस बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्विटर वापरणाऱ्यांना महिनाभर विरुद्ध बाजूची मतं पुढे पाठवणारं बॉट खातं, म्हणजे आपोआप चालणारं खातं, फॉलो करायला लावलं. २०१८ मध्ये निष्कर्ष आले : उजवीकडे झुकणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचे समर्थक मवाळ होण्याऐवजी आणखी कडवे झाले होते. म्हणून मला ओळखीचा माणूस मोलाचा वाटतो.

आता कॉमेंटमधलं भांडण जरा जवळून बघा. पहिल्या दोन कॉमेंटांत मुद्दा असतो. तिसऱ्यात कुणी तिऱ्हाईत येऊन एकाची पाठ थोपटतो. चौथ्यात ‘तुम्ही लोक’ येतं. तिथून पुढे दोघंही एकमेकांशी बोलत नसतात, बघ्यांसाठी बोलत असतात. आणि चारचौघांत माघार घेणं कुणालाही जड जातं. तोच वाद खासगी मेसेजमध्ये न्या, फोन उचला. माणूस लगेच वेगळा बोलू लागतो. तेही जमत नसेल तर फेसबुकवर त्याला स्नूझ करा, तीस दिवस त्याच्या पोस्ट दिसणार नाहीत. निवडणुकीचा धुरळा तेवढ्यात बराचसा खाली बसतो.

जो धमक्या देतो, कुणाच्या जन्मावरून त्याला तुच्छ लेखतो, त्याला ब्लॉक करा. तिथे खुलासा देत बसायची गरज नाही. बाकीच्यांसाठी मात्र माझी कळकळीची विनंती आहे. अनफ्रेंड केल्याचं फेसबुक कळवत नाही. कधीतरी तो तुमचं नाव शोधतो, समोर ‘ॲड फ्रेंड’चं बटण दिसतं, आणि कशामुळे हे त्याला उमगतही नाही. थांबायचंच असेल तर आधी दोन ओळी लिहा : ‘या विषयावर आपलं जमत नाही, मला त्रास होतो, म्हणून इथे थांबतो. भेटलास तर बोलू.’ उत्तर येईल किंवा येणार नाही, पण का थांबलात ते त्याला कळलेलं असेल.