तीस चाहत्यांची बस आणि दोन नंबरची निवड

नमस्कार मंडळी.

आयोजकांनी मला विषय दिला होता 'अमेरिकेतले खेळ आणि तिथला प्रेक्षक'. पाऊण तासात तो आटोपणारा नाही, म्हणून त्यातला एकच कोपरा धरतो. अमेरिकेत दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस तीन दिवस एक सोहळा चालतो. त्यात मैदान नसतं, चेंडू नसतो, कोणी धावत नाही. एक गृहस्थ मंचावर येतात, हातातली चिठ्ठी वाचून कॉलेजातल्या एखाद्या पोराचं नाव पुकारतात आणि आत जातात. थोड्या वेळाने पुन्हा येतात. एवढंच. हे ऐकायला २०२४ साली डेट्रॉइटमध्ये तीन दिवसांत पावणेआठ लाख माणसं लोटली होती. हा एनएफएलचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट. आज मी 'फुटबॉल' म्हणेन तेव्हा तो अमेरिकन फुटबॉल समजा, लांबट चेंडूचा आणि हेल्मेटवाला.

आपल्याला आयपीएलचा लिलाव ठाऊक आहे. तिथे पैसा बोलतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. ३२ संघ, सात फेऱ्या. गेल्या हंगामात जो सगळ्यांत खाली राहिला, त्याची पाळी पहिली आणि विजेत्याची शेवटची. ज्याने ज्याचं नाव घेतलं, त्या पोराशी करार करण्याचा हक्क त्या संघाचा. पोराला कुणी विचारत नाही. मात्र संघ आपापल्या पाळ्यांची आपसात देवाणघेवाण करू शकतात, आणि आज मी जे सांगणार आहे त्याचं मूळ या मुभेत आहे.

ही पद्धत बर्ट बेल या माणसाने सुचवली. तो फिलाडेल्फिया ईगल्सचा मालक होता आणि त्याचा संघ सतत मार खात होता. चांगले खेळाडू श्रीमंत, जिंकणाऱ्या संघांकडे जायचे. मग त्याने सांगितलं की दुबळ्याला आधी निवडू द्या. १९३६च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला आणि पहिली पाळी अर्थातच बेलच्या संघाची आली. सूचना निःस्वार्थी होती असं मी म्हणणार नाही. त्याने शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचं नाव घेतलं, पुढे त्याचे हक्क शिकागो बेअर्सला दिले, आणि बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. ड्राफ्टच्या इतिहासातली सगळ्यांत पहिली निवडच वाया गेली!

त्या काळी या प्रकाराकडे कुणाचं लक्षही नव्हतं. १९८० साली ईएसपीएनने तो टीव्हीवर दाखवायला घेतला आणि मग चाहत्याला जणू दुसरा हंगामच मिळाला. फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, संपला की वादांना जोर चढतो. आपल्या संघाने कुणाला घ्यावं? जानेवारीपासूनच लोक 'मॉक ड्राफ्ट' मांडतात, म्हणजे कोणता संघ कोणाला घेईल याचे कागदी अंदाज. उंची, वजन, चाळीस यार्ड किती सेकंदांत धावला, क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून खेळी चालवणाऱ्या गड्याच्या, पंजाची रुंदी किती, यावर तावातावाने भांडतात.

या भांडणात कायम दोन तट असतात. एक म्हणतो, भोक असेल तिथे ठिगळ लावा. बचाव कमजोर असेल तर बचावपटू घ्या. दुसरा म्हणतो, पाळी येईल तेव्हा जो सर्वांत गुणी शिल्लक असेल तो उचला, जागेचं नंतर बघू. हा वाद आपल्याकडेही एकदा झालाय, फक्त आपण त्याला ड्राफ्ट म्हणून लक्षात ठेवलं नाही. २००८ साली आयपीएलमध्ये एकोणीस वर्षांखालच्या खेळाडूंचा लिलाव न करता ड्राफ्ट केला होता. दिल्लीच्या संघाकडे सेहवाग, गंभीर, डिव्हिलियर्स असे फलंदाज आधीच होते. त्यांनी गरज पाहिली आणि डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान घेतला. दिल्लीचाच विराट कोहली बंगळुरूकडे गेला. आज आपण हसतो, पण त्या दिवशी दिल्लीच्या टेबलावर बसलेल्या माणसाचा हिशेब खुळचट नव्हता.

आता फिलाडेल्फियाला परत येऊ. तारीख १७ एप्रिल १९९९. ईगल्सने आदल्या हंगामात १६ पैकी १३ सामने गमावले होते. अँडी रीड हा नवा प्रशिक्षक आला होता, आणि दुसऱ्या क्रमांकाची निवड हातात होती. गावाचा जीव मात्र टेक्सास विद्यापीठाच्या रिकी विल्यम्सवर जडला होता. तो रनिंग बॅक, म्हणजे चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसणारा. कॉलेज फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन सर्वाधिक यार्ड धावण्याचा तेव्हाचा विक्रम त्याच्या नावावर, वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूची हाइसमन ट्रॉफी त्याच्या घरात. डब्ल्यूआयपी या क्रीडा रेडिओवर दिवसरात्र हाच विषय. शहराचे महापौर एड रेंडेल यांनीही विल्यम्सच्या बाजूने जाहीरपणे जोर लावला. रेडिओवाल्यांनी तीसेक चाहत्यांची बस भरून न्यूयॉर्कला धाडली. पहिली निवड क्लीव्हलँडची होती. त्यांनी टिम काउच घेतला. दुसऱ्या निवडीला नाव पुकारलं गेलं डॉनव्हन मॅकनॅब, सिरॅक्यूजचा क्वार्टरबॅक. बसमधून आलेल्या तीस जणांनी त्याची अशी हुर्यो उडवली, की आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या क्षणी मंचावर आलेलं ते पोर कसनुसं हसत उभं राहिलं. ती चित्रफीत आजही फिरते.

पुढे काय झालं? मॅकनॅबने ईगल्सला पाच वेळा परिषदेच्या, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी आपल्या गटाच्या, अंतिम सामन्यापर्यंत नेलं, २००५ साली सुपर बोलमध्ये नेलं. तिथे ते न्यू इंग्लंडकडून तीन गुणांनी हरले. २०१३ साली त्याची पाच नंबरची जर्सी संघाने सन्मानाने निवृत्त केली, आणि त्या रात्री समोरच्या संघाचा प्रशिक्षक होता अँडी रीड. या सगळ्यावरून साधारण एकच धडा सांगितला जातो, की चाहते मूर्ख आणि तज्ज्ञ शहाणे. मला तो पटत नाही.

बसमधले लोक विल्यम्सविषयी चुकले होते का? अजिबात नाही. पुढे २००२ साली मायामीकडून खेळताना त्याने १,८५३ यार्ड धावून साऱ्या लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. माणूस अस्सलच होता. चुकला तो भाव. क्वार्टरबॅक जवळजवळ प्रत्येक खेळीत चेंडू हाताळतो आणि पस्तिशीपर्यंत टिकू शकतो. रनिंग बॅकला दर खेळीला दोन-तीन धिप्पाड गडी आपटतात; तिशी गाठेपर्यंत गुडघे बोलायला लागतात. शिवाय ईगल्सकडे ड्यूस स्टेली हा रनिंग बॅक होता आणि आदल्याच हंगामात त्याने हजार यार्डांचा टप्पा ओलांडला होता. म्हणजे गरजेच्या बाजूने बघा नाहीतर भावाच्या, दुसऱ्या क्रमांकाची निवड विल्यम्सवर खर्चणं महागच पडलं असतं.

आणि ती चूक एकट्या चाहत्यांची कुठे होती? त्याच दुपारी ती पगारी तज्ज्ञाने केली, तीही कितीतरी मोठी. न्यू ऑर्लीन्स सेंट्सचे प्रशिक्षक माइक डिटका. शिकागोला सुपर बोल जिंकून दिलेला माणूस, काही ऐरागैरा नव्हे. त्यांची पाळी बारावी होती. विल्यम्ससाठी पाचव्या पाळीवर यायला त्यांनी वॉशिंग्टनला त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या निवडी दिल्या. सगळ्या! वर पुढच्या वर्षीची पहिल्या आणि तिसऱ्या फेरीची निवडही दिली. एका खेळाडूसाठी आठ निवडी. नंतर एका क्रीडा मासिकाच्या मुखपृष्ठावर डिटका सूटमध्ये आणि विल्यम्स लग्नाच्या पांढऱ्या झग्यात, असं नवरानवरीचं छायाचित्र छापून आलं. त्या हंगामात सेंट्स १६ पैकी तीनच सामने जिंकले, डिटकांची नोकरी गेली, आणि त्यांनी दिलेली पुढच्या वर्षीची निवड संघाच्या वाईट कामगिरीमुळे थेट दुसऱ्या क्रमांकाची ठरली. वॉशिंग्टनने तीवर लव्हार आरिंग्टन घेतला.

गंमत पुढेच आहे. डिटकांनी असाच भरघोस प्रस्ताव आधी सिनसिनाटी बेंगल्सला दिला होता. बेंगल्सने तो नाकारला आणि तिसऱ्या पाळीवर अकिली स्मिथ हा क्वार्टरबॅक घेतला. स्मिथच्या साऱ्या कारकिर्दीत पाच टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी, झाले. एकाने एका नावासाठी घर विकलं, दुसऱ्याने चालून आलेलं घर एका नावासाठी घालवलं.

आता या पाळ्यांना किंमत कशी लावतात? १९९०च्या आसपास डॅलस काउबॉइजच्या जिमी जॉन्सन यांनी एक तक्ता वापरात आणला. तो करून दिला संघातले एक भागीदार माइक मॅककॉय यांनी. आपल्याकडे जमिनीचा रेडी रेकनर असतो ना, अगदी तसा. पहिली पाळी ३,००० गुण, दुसरी २,६००, दहावी १,३००, बत्तिसावी ५९०. दोन दहाव्या पाळ्या दिल्या तर साधारण दुसरी मिळते, असा हिशेब. तो पुढे सगळ्यांच्याच टेबलावर गेला. आज चाहतेही तो पाठ म्हणून दाखवतात, आणि एखाद्या सौद्यात आपला संघ शंभर गुणांनी नागवला गेला हे पाच मिनिटांत सिद्ध करतात.

हा तक्ता मुळात खरा आहे का, असा प्रश्न केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी विचारला. थेलर म्हणजे २०१७चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी. त्यांनी वर्षानुवर्षांच्या निवडी तपासल्या. एकाच जागेवर खेळणारे, लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला दुसऱ्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता शंभरात ५२च्या आसपास. नाणं उडवलं तर पन्नास मिळतात! लाखो डॉलर, हेर, डॉक्टर, चित्रफिती, मुलाखती, आणि कमाई दोनाची. दुसरी गोष्ट त्याहून झोंबणारी. यंदाची दुसऱ्या फेरीची निवड मिळावी म्हणून संघ पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड देऊन टाकतात. व्याजात मांडलं तर दर वर्षाला शंभर टक्क्यांहून जास्त होतं. कुणालाही हा दर कागदावर दाखवला तर तो सही करणार नाही. पण समोर नाव आलं, की दर दिसत नाही.

माझं म्हणणं तेवढंच आहे. 'हा की तो' या प्रश्नावर तज्ज्ञ आणि चाहता यांच्यात फार अंतर नाही. 'याच्यासाठी किती' या प्रश्नावर दोघेही घसरतात, आणि चाहता कधी कधी कमी घसरतो, कारण त्याची नोकरी पणाला लागलेली नसते. २०१७चं शिकागो घ्या. बेअर्सची पाळी तिसरी होती. एक पायरी वर चढायला त्यांनी तीन जादा निवडी दिल्या आणि मिचेल ट्रुबिस्की घेतला. त्याच वसंतात माइक ग्लेनन या क्वार्टरबॅकशी मोठा करारही करून ठेवला होता. चाहते भडकले. 'एका पायरीसाठी एवढं?' हा त्यांचा सवाल अगदी रास्त होता. पॅट्रिक माहोम्स दहाव्या पाळीपर्यंत शिल्लक होता. कॅन्सस सिटीने सत्ताविसाव्यावरून वर येऊन त्याला घेतलं, आणि तिथला प्रशिक्षक पुन्हा अँडी रीड! म्हणजे वर चढणं नेहमी चूक असतं, असंही नाही. नियम करायला गेलं की हा माणूस आडवा येतो. आता शिकागोत कुणालाही विचारा, 'मी तर तेव्हाच माहोम्स म्हणत होतो' असं सांगणारे गल्लोगल्ली भेटतील. इतके जण खरंच म्हणत असते तर शिकागोची बसही न्यूयॉर्कच्या बससारखी गाजली असती.

चाहत्याच्या वादात अजून एक गोष्ट असते, जी तक्त्यात बसत नाही. तो समोरच्या पोराविषयी बोलतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तो जुन्या जखमेविषयी बोलत असतो. न्यूयॉर्क जेट्सने १९८३ साली डॅन मरिनोला सोडून केन ओब्रायन घेतला. १९९५ला वॉरन सॅपचा घोष चालू असताना काइल ब्रेडी घेतला, आणि बाराव्या पाळीला टँपाने उचललेला सॅप पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. त्या गावात आज कुठलंही नाव पुकारा, चाळीस वर्षांची फाइल उघडते. मला हे चाहतेपण हास्यास्पद वाटत नाही. संघाचे मालक बदलतात, प्रशिक्षक तीन वर्षांत हाकलले जातात, खेळाडू विकले जातात. आठवण ठेवणारा तेवढा एक चाहताच उरतो. १९९४ला टीव्हीवरच्या मेल काइपर यांनी इंडियानापोलिसच्या निवडीवर टीका केली, तेव्हा संघाचे व्यवस्थापक बिल टोबिन कॅमेऱ्यासमोर संतापले, की कोण लागून गेला हा काइपर. टोबिन यांनी त्या दिवशी घेतलेल्या ट्रेव्ह अल्बर्ट्सची कारकीर्द दुखापतींनी तीन हंगामांत संपली. काइपर पुढे अनेक वर्षं टीव्हीवर ड्राफ्टची चिकित्सा करत राहिले.

मघाशी एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे. विचारतात, 'मग चाहत्यांनाच मतदान का देत नाहीत?' दिलं होतं, साहेब. २०२१ साली 'फॅन कंट्रोल्ड फुटबॉल' नावाची छोटी लीग जॉर्जिया राज्यात सुरू झाली. फोनवर मत देऊन चाहते खेळी ठरवायचे, संघांची नावंही त्यांनीच ठरवली. एका संघाचं नाव पडलं झॅपर्स. आणि ड्राफ्ट दर आठवड्याला व्हायचा, चाहत्यांच्या मतांवर. झॅपर्सकडून खेळायला आला जॉनी मँझेल, तोही एकेकाळचा हाइसमन विजेता. क्लीव्हलँडने २०१४ साली पहिल्या फेरीत, बाविसाव्या पाळीला त्याला घेतलं आणि दोन हंगामांत सोडून दिलं होतं.

कल्पना झकास होती. लोकांनी मजा केली. पण विचार करा, दर आठवड्याला पाटी कोरी. गेल्या आठवड्यात ज्याला मत दिलं तो फसला, तर या आठवड्यात दुसरा. पुढच्या वर्षाचं काही द्यायचं नाही, एका नावासाठी आठ नावं सोडायची नाहीत, वीस वर्षांनी कुणी नातू विचारणार नाही की आजोबा, तुम्ही तेव्हा कुणाच्या बाजूने होतात. अशा ड्राफ्टवर भांडायचं तरी किती? लीगचे दोन हंगाम झाले, २०२३चा हंगाम भरलाच नाही. फिलाडेल्फियात मात्र मॅकनॅबच्या नावावर आजही भांडण होतं, फक्त मुद्दा बदललाय. आता विचारतात, पाच वेळा दारापर्यंत नेलं ते ठीक, पण सुपर बोल का नाही जिंकला?

दुसऱ्या चिठ्ठीत पगाराच्या मर्यादेबद्दल विचारलंय. त्याचं उत्तर चहा घेताना देतो, कारण आयोजक घड्याळ दाखवतायत.