तळलेल्या कोंबडीतला पाण्याचा हिशेब

नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या दक्षिणेकडची, म्हणजे व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी, जॉर्जिया या पट्ट्यातली तळलेली कोंबडी घरी कशी करायची, हा आजचा विषय. पहिला प्रश्न ‘मसाला कोणता?’ हाच येतो. मूळ पदार्थात मसाला जवळजवळ नाहीच. मेरी रँडॉल्फ यांच्या १८२४ सालच्या व्हर्जिनियातल्या पाकपुस्तकात कृती आहे ती अशी: कोंबडीचे तुकडे करा, पिठात घोळवा, मीठ भुरभुरवा, भरपूर कडकडीत चरबीत तळा. बस्स. पुढे त्यात मिरपूड आली, मुरवायला बटरमिल्क आलं, पण सांगाडा तोच राहिला. इतक्या कमी जिनसांचा पदार्थ घरोघरी बिघडतो, तो मसाल्यामुळे नव्हे, पाण्यामुळे. पाणी मांसात राहिलं पाहिजे, कवचातून गेलं पाहिजे, आणि गेलेलं परत येता कामा नये. आज मी जे जे सांगणार आहे ते या हिशेबातलंच आहे.

कोंबडीपासून सुरुवात करू. साफ केलेली कोंबडी १ ते १.२ किलोची घ्या. आपल्याकडे दुकानात साधारण हाच आकार मिळतो आणि या कामाला तो उत्तम आहे. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना उलट अडचण येते. तिथल्या सुपरमार्केटची कोंबडी दोन किलोच्याही वर जाते आणि छातीचा तुकडा इतका जाड असतो की आतपर्यंत शिजेतो बाहेरचं करपतं. छातीचे प्रत्येकी दोन किंवा तीन तुकडे करा. शिवाय पाकिटावर खारं पाणी भरल्याचं लिहिलं असेल तर मीठ निम्म्यावर आणा.

इथल्या लोकांची अडचण कातडीची. चिकनवाला सवयीने पिसांसकट कातडी सोलून काढतो, आणि एकदा सोलली की गेली. म्हणून कापायच्या आधीच सांगायचं: ‘सोलू नका, पिसं काढून द्या.’ कातडीखालची चरबी वितळून पीठ आतून खुसखुशीत करते आणि मांसाचा रस थेट पिठात उतरू देत नाही. कातडीशिवायही जमतं, पण कवच लवकर मऊ पडतं. रश्श्यासाठी करतात तसे बारीक तुकडे मात्र नकोत. दोन तंगड्या, दोन मांड्या, दोन पंख आणि छातीचे चार, असे दहा तुकडे हाडासकट करून घ्या.

आता मुरवण. अमेरिकेत ज्याला बटरमिल्क म्हणतात ते आपलं जेवणानंतरचं ताक नव्हे. एकेकाळी तेही लोणी काढून उरलेलंच होतं, पण आज बाजारात मिळतं ते कमी स्निग्धांशाच्या दुधाला विरजण लावून केलेलं, पातळ दह्याइतकं दाट. घरी करायचं तर ४०० ग्रॅम ताजं दही आणि १०० मिलिलिटर दूध एकत्र घुसळा. दही ताजंच हवं. आंबट दह्यात रात्रभर ठेवलं तर मांसाचा वरचा थर पिठूळ होतो. एक किलो कोंबडीच्या या मुरवणीत २० ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचे तीन सपाट चहाचे चमचे, दोन चमचे ताजी कुटलेली मिरपूड, एक चमचा लसूण पावडर आणि रंगाला एक चमचा काश्मिरी तिखट घाला. फ्रिजमध्ये आठ ते बारा तास. यातलं खरं काम मिठाचं आहे. मीठ हळूहळू आत शिरतं, प्रथिनं सैल करतं, आणि तापल्यावर ती एरवी आवळून जेवढं पाणी पिळून टाकतात त्यापेक्षा कमी टाकतात. दोन तासांत मीठ कातडीपलीकडे फारसं जात नाही, म्हणून ‘आयत्या वेळी मुरवलं’ याला अर्थ नाही. व्हर्जिनियातल्या फ्रीटाउनच्या प्रसिद्ध पाककर्त्या एडना लुईस तर आधी रात्रभर मिठाच्या पाण्यात आणि मग पुन्हा आठ-दहा तास बटरमिल्कमध्ये ठेवत. तळायच्या चरबीत त्या लोणी आणि खारवलेल्या हॅमचा तुकडाही घालत.

आलं-लसूण वाटण घालायला हात शिवशिवतो, मला कल्पना आहे. घालू नका. वाटणाचे कण पिठाला चिकटतात आणि तेलात सगळ्यात आधी करपून कडू होतात.

पिठासाठी २५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, दोन चमचे मीठ, तीन चमचे मिरपूड, एक चमचा काश्मिरी तिखट, अर्धा चमचा बेकिंग पावडर. कणीक वापरली तर कोंडा आधी काळा पडतो. बेसन वापरलंत तर छान भजी होतील, हा पदार्थ होणार नाही.

इथे एक बारकावा आहे, त्यावर थोडं थांबतो. परातीतल्या या कोरड्या पिठावर मुरवणीतलेच तीन मोठे चमचे दही शिंपडा आणि शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळतो तसं बोटांच्या टोकांनी चोळा. पिठात ज्वारीच्या दाण्याएवढ्या, कुठे वाटाण्याएवढ्या गुठळ्या व्हायला हव्यात. त्याच पुढे तुकड्याला चिकटून कवचाला खडबडीतपणा देतात. आता एक तुकडा उचला, जास्तीचं दही भांड्याच्या काठावर निथळू द्या, पिठात ठेवा, वरून पीठ ओढा आणि तळहाताच्या वजनाने दाबा. उलटा, पुन्हा दाबा. तंगडीच्या सांध्याच्या खाचेत बोटाने पीठ भरा, कारण कवच सुटायला तिथूनच सुरुवात होते. उचलून एकदा हलका झटका द्या. मग जाळीवर वीस ते तीस मिनिटं ठेवा. पांढरं कोरडं पीठ ओलसर, किंचित पिवळट दिसू लागलं की समजा, पिठाने दही पिऊन घेतलं. कोरडं पीठ तसंच तेलात गेलं तर ते सुटून तळाशी बसतं, जळतं आणि दुसऱ्या घाण्याला कडवटपणा देतं. या अर्ध्या तासात तुकड्यांचा गारठाही थोडा उतरतो. मात्र उन्हाळ्यात यापेक्षा जास्त वेळ कच्चं मांस बाहेर ठेवू नका.

भांडं बिडाचं. तिकडे हा बिडाचा तवा एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे जातो, आणि त्यामागे नुसती माया नाही. थंड तुकडे पडले की तेलाची उष्णता झपाट्याने उतरते. जाड बिडात साठलेली उष्णता ती भरून काढते. २६ ते २८ सेंटिमीटर रुंद, सपाट बुडाचं आणि सहा-सात सेंटिमीटर काठाचं भांडं घ्या. त्यात साधारण एक लिटर तेल, तुकडे निम्मे बुडतील इतकं. भांडं निम्म्याच्या वर कधीही भरू नये. गोल बुडाच्या कढईत तुकडे मधे गोळा होऊन एकमेकांना चिकटतात. तेल रिफाइंड शेंगदाण्याचं उत्तम. पूर्वी तिकडे डुकराची चरबी वापरत, आता शेंगदाणा तेल बऱ्याच ठिकाणी चालतं. घाण्याचं तेल चवीला कितीही चांगलं असलं तरी इथे नको, ते लवकर धुरावतं.

तेल १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. थर्मामीटर नसेल तर पावाचा छोटा चौकोनी तुकडा साधारण मिनिटाभरात बदामी व्हायला हवा. निम्मेच तुकडे, कातडीची बाजू खाली, आपल्यापासून लांबच्या दिशेने सोडा. तेल १४५-१५० वर उतरेल. आच वाढवून ते १५० ते १६० च्या दरम्यान राखा. त्याच्या वर गेलात तर दह्यातली दुग्धशर्करा आणि तिखट भराभर काळवंडतात, आणि हाडाजवळ मांस कच्चंच राहतं. खाली गेलात तर कवच घट्ट व्हायच्या आत तेलकट, चिवट होतं. पहिली तीन-चार मिनिटं तुकड्यांना हात लावू नका. तुकड्याचा निम्मा वेळ झाला की चिमट्याने उलटा, मग तेवढीच दुसरी बाजू. पंखांना एकूण आठ ते दहा मिनिटं, छातीला दहा ते बारा, मांडी-तंगडीला चौदा ते सोळा.

कानही वापरा. सुरुवातीचा मोठा चरचराट म्हणजे पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय. बुडबुडे बारीक झाले, आवाज मंदावला, की कवचातलं पाणी संपत आलं. पण आतलं शिजलं का, हे फक्त थर्मामीटर सांगतो. हाडाला न टेकवता सर्वात जाड भागात टोचा. ७४ अंशांना कोंबडी खायला सुरक्षित होते. छाती तिथेच उतरवा. मांडी मात्र ८० ते ८५ पर्यंत जाऊ द्या, तिच्यातले चिवट तंतू तेव्हाच विरघळतात. हाडाजवळचा लालसरपणा कच्चेपणाचा पुरावा नाही. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग, विशेषतः गोठवलेल्या मांसात, बाहेर झिरपतो.

उतरवल्यावर कागदावर ठेवू नका, जाळीवर ठेवा. तळताना बाहेर पडणारी वाफ तेलाला अडवत असते. भांड्यातून काढल्यावर वाफ थंडावते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. पदार्थातलं बरंचसं तेल या क्षणी शिरतं, म्हणून काढल्या काढल्या निथळून घ्यायचं. कागदावर खालची बाजू स्वतःच्याच वाफेत भिजते.

कुकरबद्दल चिठ्ठी आली आहे: ‘कोंबडी कुकरमध्ये तळता येते का?’ केंटकीतल्या कॉर्बिनमध्ये हार्लंड सँडर्स (केएफसीचे संस्थापक) यांनी १९३९ च्या सुमारास दाबाखाली कोंबडी तळायला सुरुवात केली, कारण तव्यावर अर्धा तास लागायचा आणि गिऱ्हाईक थांबत नसे. पण आपल्या घरचा कुकर पाण्याच्या वाफेसाठी आहे. त्याची रबरी रिंग आणि झडप गरम तेलासाठी बनवलेली नाही. त्यात तेल घालून झाकण लावणं म्हणजे स्वयंपाकघरात बॉम्ब ठेवणं. आणि तेल पेटलंच तर पाणी नाही टाकायचं. गॅस बंद, वर घट्ट झाकण.

तिखट हवंच असेल तर टेनेसीतल्या नॅशव्हिल शहराचा रस्ता धरा. तिथे तिखट पिठात नाही, तळून झाल्यावर वरून लावतात. मिसळीच्या तर्रीसारखाच प्रकार आहे. तळणातलं अर्धी वाटी तेल गाळून, उतरवून दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग त्यात दोन मोठे चमचे झणझणीत तिखट, एक चमचा गूळ पावडर, थोडं मीठ आणि लसूण पावडर. ब्रशने तुकड्यांवर. तेल फार गरम असेल तर तिखट काळं पडून कडू होतं, हे तर्री करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. खाली पावाची स्लाइस आणि वर काकडीचं लोणचं, ही तिथली मांडणी.

दुसरी चिठ्ठी आहे: ‘डब्यात नेता येते का?’ येते, आणि हा प्रश्न या पदार्थाच्या इतिहासातलाच आहे. यादवी युद्धानंतर व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सव्हिल स्टेशनवर गुलामगिरीतून सुटलेल्या स्त्रिया डोक्यावर परात घेऊन गाडीच्या खिडकीतून तळलेली कोंबडी विकत. पुढे वर्णभेदाच्या काळात काळ्या प्रवाशांना हॉटेलांत जेवण मिळण्याची खात्री नसे, तेव्हा बुटांच्या खोक्यात भरून नेलेली हीच कोंबडी वाटेत खाल्ली जाई. थंड खायची असेल तर कवच पातळ ठेवा, म्हणजे गुठळ्यांची पायरी गाळा आणि नुसतं कोरडं पीठ दाबा. जाड कवच थंड झालं की चामट होतं. पुऱ्यांचं जे तेच इथेही, कोमट असताना झाकण लावलं की वाफेचं पाणी होऊन कवचावरच उतरतं. जाळीवर तासभर पूर्ण थंड करा, मग डब्यात कागद घालून भरा, आणि दोन तासांच्या आत खाणार नसाल तर फ्रिजमध्ये. परत गरम करायला मायक्रोवेव्ह नको. १८० अंशांच्या ओव्हनमध्ये, जाळीवर, पंधरा ते वीस मिनिटं.