प्रतिकारशक्तीची समजूत पोटातून

नमस्कार श्रोतेहो. सकाळी बोटं इतकी आखडतात की शर्टाचं बटण लागत नाही, अशी एक रुग्ण मध्यंतरी माझ्यापुढे कोलॅजन पावडरचा डबा ठेवून म्हणाली, "डॉक्टर, हे खाऊन संधिवात जातो म्हणे. मग गोळ्या बंद करू?"

प्रश्न वेडगळ नव्हता. कोलॅजन हे सांध्यांच्या कूर्चेतलं प्रथिन, आणि तिच्या प्रकारच्या संधिवातात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते. आपण खातो ते प्रत्येक प्रथिन शरीराला परकंच असतं. तेच टोचलं तर प्रतिकारशक्ती चवताळून उठेल, गिळलं तर सहसा शांत राहते. १९११ साली वेल्स या संशोधकांनी गिनीपिगांना अंड्यातलं प्रथिन आधी खाऊ घातलं आणि नंतर टोचलं. एरवी जीव घेणारी रिअ‍ॅक्शन आलीच नाही. याला ओरल टॉलरन्स म्हणतात.

आतड्याच्या अस्तराखालच्या काही पेशी अन्नातलं प्रथिन उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या सैनिक पेशींना, दाखवतात. तिथे काही टी-पेशी लढाऊ होण्याऐवजी नियंत्रक होतात. त्या इतरांनाही आवरतात. मग ज्या प्रथिनावर आपलीच प्रतिकारशक्ती उलटली आहे, तेच खाऊ घातलं तर?

उंदरांमध्ये हे सुरेख जमलं. १९९३ मध्ये संधिवाताच्या ६० रुग्णांवरच्या प्रयोगात कोंबडीचं कोलॅजन घेणाऱ्यांची सांध्यांची सूज कमी झाली. मात्र मात्रा होती रोज ०.१, नंतर ०.५ मिलिग्रॅम, आणि कोलॅजन मूळ रूपातलं, न तोडलेलं. डब्यातली पावडर बहुधा तुकडे केलेल्या कोलॅजनची, तीही चमचाभर. दोन्हींचं नाव एक, गोष्ट वेगळी. गोळ्या बंद करू नका, असं मी तिला अगदी कळकळीने सांगितलं.

पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे प्रतिकारशक्ती मज्जातंतूंच्या आवरणावर उलटते तो आजार, असलेल्या ५००हून अधिक रुग्णांना त्या आवरणातलंच मायलिन खायला दिलं गेलं, पण औषध आणि नकली गोळी यांत फरक दिसला नाही. मला वाटतं, खरी अडचण वेळेची आहे. उंदराला बहुतेकदा आजाराआधीच खाऊ घालतात. माणूस येतो तो सांधे सुजल्यावर, आणि जुना शत्रू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी एकदा चिडल्या की सहजी ऐकत नाहीत.

म्हणूनच टाइप १ मधुमेहात, जिथे प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते, आजार उमटण्याआधीच प्रयत्न झाला. रक्तात या हल्ल्याची खूण असलेल्या अँटिबॉडी सापडलेल्या, पण साखर अजून न वाढलेल्या, रुग्णांच्या ५६० नातेवाइकांना रोज ७.५ मिलिग्रॅम इन्सुलिन किंवा नकली औषध तोंडाने दिलं. २०१७ मध्ये निकाल आला: एकंदरीत मधुमेहाची सुरुवात लांबली नाही. एका छोट्या गटात, ज्यांची इन्सुलिन स्रवण्याची ताकद आधीच घटली होती, ती लांबलेली दिसली. तेवढ्यावरून औषध म्हणता येणार नाही, पण हा धागा सोडून द्यावा असंही मला वाटत नाही.