बरणीतलं हृदय आणि एक पत्र

नमस्कार श्रोतेहो.

वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचा, म्हणजे पॅथॉलॉजीचा विभाग असतो आणि त्याला लागून बहुधा एक संग्रहालय असतं. विद्यार्थी त्याला सरळ ‘म्युझियम’ म्हणतात. कपाटांमध्ये काचेच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या बरण्या आणि प्रत्येक बरणीत आजारानं बदललेला एखादा अवयव. सिरॉसिस झालेलं, गाठीगाठींचं यकृत. खड्यांनी गच्च भरलेलं पित्ताशय. क्षयानं पोखरलेलं फुप्फुस. परीक्षक बरणी समोर ठेवतात आणि विचारतात, हे काय आहे, आणि कशावरून ओळखलंत? खरी परीक्षा त्या ‘कशावरून’ची असते.

अवयव टिकवायचा कसा? नुसत्या फॉर्मॅलिनमध्ये तो टिकतो, पण रंग जाऊन मळकट, तपकिरी होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्ल कायझरलिंग या जर्मन विकृतिशास्त्रज्ञानं यावर एक रीत बसवली. आधी काही क्षार घातलेलं फॉर्मॅलिन, मग अल्कोहोल, आणि शेवटी ग्लिसरीनच्या द्रावणात कायमचा मुक्काम. गंमत मधल्या पायरीत आहे. उडालेला रंग अल्कोहोलमध्ये परत येतो, रक्ताचा लालपणा पुन्हा दिसू लागतो. पण अवयव तिथे जास्त वेळ राहिला, की आलेला रंग पुन्हा जातो. म्हणून तिथे कुणीतरी लक्ष ठेवून उभं राहावंच लागतं.

पण श्रोतेहो, बरणी म्हणजे निम्मं काम. उरलेलं निम्मं वहीत असतं. रुग्णाचं वय काय, त्रास काय होता, किती दिवस होता, शवविच्छेदनात आणखी काय सापडलं. लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी नसली तर झाकण काढून चव घेता येते. इथे ती सोय नाही. ही नोंद हरवली की उरतो फक्त एक तुकडा. हे मी पुन्हा सांगते, कारण आता जी गोष्ट सांगणार आहे ती याचीच आहे, आणि ती मला फार आवडते.

कॅनडात मॉन्ट्रिऑल शहरात मॅकगिल विद्यापीठ आहे. मॉड ॲबट नावाच्या मुलीनं तिथून १८९० साली बी.ए. केलं. तिला डॉक्टर व्हायचं होतं, पण मॅकगिलच्या वैद्यक शाखेत मुलींना प्रवेश नव्हता. तिनं त्याच शहरात, बिशप्स कॉलेजच्या वैद्यक शाखेतून १८९४ साली पदवी मिळवली. युरोपात जाऊन पुढचं शिक्षण घेतलं. आणि १८९८ साली, ज्या मॅकगिलनं विद्यार्थिनी म्हणून दार लावलं होतं, त्याच मॅकगिलनं त्यांना वैद्यकीय संग्रहालयात साहाय्यक अभिरक्षक म्हणून नेमलं. काम कोणतं? साठलेले नमुने लावायचे, त्यांची यादी करायची. त्यांतले कितीतरी नमुने विल्यम ऑस्लर या डॉक्टरांनी मॉन्ट्रिऑलमध्ये असताना स्वतः केलेल्या शवविच्छेदनांमधले होते.

हे काम करताना ॲबट यांच्या हाती एक हृदय लागलं. माणसाच्या हृदयाला चार कप्पे असतात, हे आपण शाळेत शिकलो. वरती दोन, खाली दोन, आणि खालच्या दोघांच्या मध्ये जाड स्नायूची भिंत. या हृदयात खाली एकच मोठा कप्पा होता. फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी निघाली होती ती एका बाजूच्या चिमुकल्या पोकळीतून. म्हणजे शुद्ध आणि अशुद्ध रक्त एकाच जागी मिसळत असणार. हे हृदय कुणाचं? आलं कुठून? संग्रहालयात काही उलगडा होईना.

त्यांनी ऑस्लर यांना पत्र लिहिलं. ऑस्लर तेव्हा अमेरिकेत बाल्टिमोरला होते, जगात नावाजलेले. पण त्यांना ती बरणी आठवत होती! त्यांनी कळवलं, की या हृदयाचं वर्णन डॉक्टर अँड्र्यू होम्स यांनी करून ठेवलंय, ते एडिनबराच्या एका वैद्यकीय नियतकालिकात शोधा. शोधलं, तर सापडलं. साल १८२४. होम्स म्हणजे मॅकगिलच्याच वैद्यक शाखेचे पहिले अधिष्ठाता. रुग्ण होता एकवीस वर्षांचा तरुण. एवढ्या सदोष हृदयावर तो एकवीस वर्षं जगला होता! बरणी एका खंडात, तिची हकीकत दुसऱ्या खंडात, आणि दोघींची गाठ पडली ती एका पत्रामुळे.

इथे जरा विषय सोडून बोलते. हल्ली अडलं की आपण फोटो काढतो, पाठवतो आणि खाली लिहितो, ‘हे काय आहे?’ माझं मत आहे, की शिकणाऱ्यानं प्रश्न शब्दांत लिहावा, चांगला पानभर. लिहायला बसलं की आधी नीट बघावं लागतं, आणि बघता बघता निम्मा प्रश्न सुटतो. आणि ज्याला लिहायचं तो मोठा माणूस आहे म्हणून कचरू नये. खरोखर जाणत्या माणसाला चांगला प्रश्न आवडतो. असो.

ॲबट यांनी होम्स यांचा तो लेख १९०१ साली पुन्हा प्रसिद्ध केला. ऑस्लर यांनी आपल्या मोठ्या वैद्यकीय ग्रंथासाठी जन्मजात हृदयदोषांवरचं प्रकरण त्यांच्याकडेच सोपवलं. १९०८ साली ते आलं, ४१२ रुग्णांच्या नोंदी तपासून लिहिलेलं. मध्ये १९०७ साली आग लागून संग्रहालयाचा मोठा भाग जळाला. ते हृदय वाचलं. ॲबट पुन्हा यादी करायला बसल्या. १९१० साली मॅकगिलनं त्यांना वैद्यकाची सन्माननीय पदवी दिली, आणि १९३६ साली त्यांचा जन्मजात हृदयदोषांचा ॲटलास, म्हणजे सचित्र ग्रंथ निघाला, एक हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला. १९४० साली त्या गेल्या. चारच वर्षांनी, १९४४ साली, बाल्टिमोरमध्ये डॉक्टर हेलन टॉसिग यांच्या कल्पनेतून ‘निळ्या’ बाळांवरची, म्हणजे हृदयदोषामुळे अंग निळसर दिसणाऱ्या बाळांवरची पहिली शस्त्रक्रिया झाली. त्या टॉसिग ॲबट यांच्याकडे शिकायला गेल्या होत्या.

बरण्या नीट लावणं, वही नीट लिहिणं, या कामाला आपण कारकुनी म्हणतो. मला तो शब्द या कामासाठी मुळीच पटत नाही.

वेळ थोडा उरलाय, पण संमतीबद्दल बोलायलाच हवं. जुन्या काळी अवयव ठेवताना कुणी घरच्यांना विचारत नसे. चार्ल्स बर्न हा आयरिश, अतिशय उंच माणूस १७८३ साली लंडनमध्ये वारला. आपला देह समुद्रात सोडावा, अशी त्याची इच्छा होती. तरीही जॉन हंटर या शल्यविशारदानं तो मिळवला आणि सांगाडा पुढे शतकानुशतकं प्रदर्शनात राहिला. लंडनचं हंटेरियन संग्रहालय २०२३ साली पुन्हा उघडलं तेव्हा तो सांगाडा प्रदर्शनातून काढलेला होता. उशिरा का होईना, योग्य झालं. शिकवण्यासाठी अवयव ठेवायचा तर विचारून ठेवावा. आणि विचारताना त्याचा नेमका उपयोग काय होणार, हेही घरच्यांना समजेल अशा भाषेत सांगावं. नाव गुप्त राहील, वय आणि आजाराची हकीकत वहीत राहील, हेही त्यातच सांगावं.

नमस्कार.