आधी पातळी, मग नाली

मंडळी, फरशी आणि हिरवळ जिथे भेटतात तिथे साचणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त, हा आजचा विषय. उपाय सांगणारच आहे. पण त्याआधी एक सांगू द्या, कारण संधी मिळेल तिथे मी हे सांगतोच: पातळी आणि माती तपासल्याशिवाय कुदळ हातात घेऊ नका.

एका घरी मला बोलावलं होतं. फरशी नवी, आणि हिरवळीला लागून हातभर रुंदीचं डबकं. कडेच्या लाद्यांवर शेवाळ. कंत्राटदाराने तिथे जाळीची नाली बसवली होती. पाणी नालीत उतरत होतं, पण नालीला पुढे तोंडच नव्हतं! दोन्ही टोकं बंद. (हशा) हसू येतं खरं, पण मालकाने त्याचे पैसे मोजले होते आणि मला याचा मनापासून राग येतो. काठाचा गवताचा पट्टा उचलून पाहिला. मुळं जेमतेम बोटभर. खाली सिमेंटचे गोळे, फुटक्या लाद्या, आणि त्याखाली कामाच्या वेळी तुडवून घट्ट झालेली चिकणमाती. पेचकस दाबला, तर टोकही आत शिरेना. वरून मात्र हिरवंगार! अशा जमिनीत पाणी मुरणार कसं? १८५६ साली दार्सी या फ्रेंच अभियंत्याने वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचं गणित मांडलं. त्या गणितात दाबलेली चिकणमाती वाळूच्या हजारो पटींनी मागे राहते.

त्यात हिरवळ स्वतः उंचावत जाते. कुजकी पाती, मुळं, वरून टाकलेली माती. काही वर्षांत ती फरशीच्या वर येते आणि काठालाच बांध पडतो. २० चौरस मीटर फरशीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर ५०० लिटर पाणी त्या बांधाशी येऊन थांबतं.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आलाय. भराभर सांगतो. फरशीला घरापासून दूर, मीटरमागे १२ ते १५ मिलिमीटर ढाळ हवा. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने मोजा; तिच्या दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीत राहतं. हिरवळीत ३० सेंटिमीटर खोल खड्डा करा, एकदा पाणी भरून मुरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात किती उतरतं ते बघा. भराभर उतरलं, तर काठाचा राडारोडा काढून, माती मोकळी करून, हिरवळ फरशीच्या कडेपेक्षा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली बसवा. बहुतेकांचं काम इथेच होतं.

पाणी तसंच राहिलं, तर काठालगत ४५ सेंटिमीटर खोल चर, मीटरमागे १ सेंटिमीटर ढाळ, आत गाळणीचं कापड, धुतलेली खडी आणि छिद्रांचा पाइप; छिद्रं खालच्या बाजूला. चिकणमातीत शोषखड्ड्याच्या भरवशावर राहू नका, तोही भरूनच राहतो. पाइपचं तोंड खालच्या मोकळ्या जागेत काढा, शेजाऱ्याकडे नको. छपराचं पाणी त्यात सोडू नका. आणि वरच्या टोकाला झाकण ठेवा, म्हणजे गाळ बसला की तिथून पाणी मारून पाइप धुता येतो.