मांडवा ते तेरेखोल : सायकलींचा गट आणि वाटेवरची माणसं

[दृश्य : पहाट. भाऊचा धक्का. रो-रो बोटीत शिरणाऱ्या सायकली.]

मुंबईहून कोकणात सायकलने उतरायचं, तर मुंबई–गोवा महामार्ग टाळलेला बरा. अवजड वाहनं फार आणि समुद्र कुठेच दिसत नाही. त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावर यावं. मार्च 2020 पासून इथून मांडव्याला रो-रो बोट सुटते, सायकलसकट तासाभरात पलीकडे. पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड असा किनारा धरायचा.

बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला, रेवस ते रेडी अशा सागरी मार्गाची कल्पना पुढे आली. चाळीस वर्षं उलटली तरी हा रस्ता सलग झालेला नाही. मोटारवाल्यांची ती तक्रार आहे. सायकलवाल्यांना मात्र त्यामुळेच रिकामा रस्ता मिळतो.

[दृश्य : नकाशा. खाड्या एकेक करून उजळतात.]

मांडव्याहून गोव्यातल्या तेरेखोलपर्यंत अंतर पाचशे किलोमीटरच्या वर. सपाटीवर सवय झालेली मंडळी हिशेब करतात, दिवसाला शंभर, म्हणजे पाच दिवस. हा हिशेब पहिल्याच दिवशी कोलमडतो. कारण इथला रस्ता खाडीपाशी समुद्रसपाटीला उतरतो, लगेच शे-दीडशे मीटर चढून सड्यावर जातो आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा खाली येतो. दिवसभर हेच. चढ लांब नाहीत, पण अंगावर येणारे आहेत. सामानासकट दिवसाला 60 ते 70 किलोमीटर धरावेत आणि सगळा प्रवास आठ दिवसांचा.

आता सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. तिथे सावली नाही, पाणी नाही आणि माणूसही नाही. वस्ती सगळी खाली, माडा-पोफळींच्या आगरात. एकेका गावाच्या पाच-सात वाड्या, त्याही उतारांवर विखुरलेल्या. सायकल बिघडते ती बहुधा वर सड्यावर आणि मदत असते खाली वाडीत. कोकणातली माणसं मदत करतात हे खरंच आहे, पण ती मदत जिथे मिळते तिथपर्यंत स्वतःच्या बळावर पोचावं लागतं. गटाची सगळी तयारी या एका गोष्टीभोवती असावी.

[दृश्य : सपाट दगडावर मांडून ठेवलेली हत्यारं आणि सुटे भाग.]

ट्यूबपासून सुरुवात करू. गावातल्या सायकल दुकानात ट्यूब मिळते, ती जुन्या काळ्या सायकलची, 28 बाय दीडची. दिसायला आपल्या गिअरच्या सायकलींच्या 700-सी मापाच्या चाकाच्या जवळपास, म्हणून लोक फसतात. त्या सायकलच्या रिमचा व्यास 635 मिलीमीटर, आपल्या 700-सीचा 622. टायर बसत नाही. ट्यूब फार तर रुंद टायरमध्ये कोंबून वेळ मारून नेता येते. म्हणून प्रत्येकाकडे स्वतःच्या मापाच्या दोन ट्यूब हव्यातच. गटात सगळ्यांची चाकं एकाच मापाची असतील, तर टायर मात्र एक जादा पुरतो.

दुसरी अडचण व्हॉल्व्हची. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला मोटारसायकल गॅरेजचा कॉम्प्रेसर बसत नाही. गॅरेजवाला हवा भरून द्यायला हात पुढे करतो आणि आपण नुसते बघत उभे राहतो. पितळेचा एक छोटा अॅडॉप्टर सोबत असला की काम होतं. तरीही कॉम्प्रेसरचा नळ अर्धा-अर्धा सेकंदच दाबायचा. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडी आणि दाब झपाट्याने चढतो. टायरची कड रिममध्ये नीट बसलेली नसेल, तर ट्यूब तिथून बाहेर येऊन फुटते.

मागच्या चाकाचे स्पोक तुटतात, तेही गिअरच्या बाजूचे. सामानाचं ओझं मागे, चढावर पायाचा जोर मागे, आणि त्या बाजूचे स्पोक मुळातच जास्त ताणलेले. ते बदलायला कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, काढावी लागते आणि कॅसेटचा पाना खेड्यात सापडत नाही. पाना नसेल तर तुटलेला स्पोक शेजारच्याला गुंडाळून ठेवायचा, त्याच्या दोन्ही बाजूंचे स्पोक अर्धा-अर्धा फेरा ढिले करायचे आणि रिम ब्रेकला घासत असेल तर ब्रेक थोडा उघडायचा. मागचं सामान दुसऱ्यांच्या सायकलींवर वाटायचं. मग हळूहळू रत्नागिरी गाठता येते.

कॅरियर लोखंडी घ्यावा. अॅल्युमिनियमचा हलका असतो हे खरं, पण तुटला की संपलं. लोखंडी तुटला तर खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट बनवणारा कुठलाही वेल्डिंगवाला दहा मिनिटांत टाका मारून देतो. बरेचदा पैसे घेत नाही. तो नको म्हणाला तरी दोनदा विचारावं. वीज आणि रॉड त्याच्या खिशातून जातात. आणि वेल्डिंगच्या आधी कॅरियर सायकलवरून सोडवून घ्यावा, नाहीतर फ्रेमचा रंग जळतो.

बाकी यादी छोटी आहे. 4, 5 आणि 6 मिलीमीटरच्या अॅलन की, चेन तोडायचं हत्यार, तुटलेली चेन जोडायला आपल्या चेनच्या मापाच्या दोन क्विक लिंक, गिअरची आणि ब्रेकची एकेक तार, कॅरियरचे 5 मिलीमीटरचे जादा बोल्ट, आणि चिरलेल्या टायरच्या आत लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा. ब्रेकपॅडचे दोन जोड न्यावेत. जांभ्याची लाल भुकटी रिमला चिकटते आणि पॅड खरवडून काढते. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये, रिम तापते. दाबा, सोडा, दाबा, सोडा. खाऱ्या हवेने चेन एका रात्रीत गंजू लागते. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आधी चेन पुसून तेलाचे चार थेंब, मग चहा.

[दृश्य : दाभोळची फेरीबोट धक्क्याला लागते.]

या वाटेवर चार मोठ्या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या. आगरदांड्याहून दिघी. बागमांडल्याहून वेसवी, ही सावित्रीची खाडी. दाभोळहून धोपावे, वाशिष्ठीची. आणि तवसाळहून जयगड, शास्त्रीची. पूल होतील तेव्हा होतील, तोवर गटाचं वेळापत्रक फेरीच्या हातात आहे. शेवटची फेरी चुकली तर पलीकडचं गाव समोर दिसत असूनही रस्त्याने दूरचा वळसा पडतो. आदल्या दिवशी फोन करून वेळा विचारून घ्याव्यात. धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं, ओहोटीला जास्तच. तिथे सायकलवरून उतरून, ब्रेक न लावता, हाताने धरून चालावं. क्लीटचे, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले, बूट घालून या उतारावर पाय टाकणं म्हणजे आडवं पडण्याची खात्री.

फेरी ही गटाची पहिली ओळख होण्याची जागाही आहे. दहा-पंधरा मिनिटं सगळे एकाच डेकवर, सगळ्यांना वेळ आहे. कुठून आलात, कुठे चाललात, गाडी नाही का परवडत, असे प्रश्न येतात. नीट उत्तर दिलं तर पुढचा चढ केवढा, वाटेत पाणी कुठे, कुणाकडे जेवण मिळेल, एवढं सगळं पलीकडचा धक्का यायच्या आत कळतं. अंतराच्या बाबतीत मात्र सावध. “हे काय, पुढच्या वळणावर,” हे स्कूटरवरच्या माणसाचं माप असतं. किती चढ आहेत, हे विचारलेलं जास्त उपयोगी.

[दृश्य : तिठ्यावर थांबलेला एक सायकलस्वार. मागचे एकेक करून पोचतात.]

गट किती मोठा असावा? सहा ते आठ, त्याहून जास्त नको. आठ माणसं एखाद्या अंगणात थांबली तर घरातली बाई कळशीभर पाणी आणून देते, कोकम सरबत विचारते. पंचवीस थांबली तर ती दार लोटून घेते आणि तिचं चुकत नाही. मोठ्या गटाला पाहुणचार मिळत नाही, त्याला केटरिंग लागतं.

चालताना नियम एकच पाळला तरी पुरतो. प्रत्येक तिठ्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचं. फोनवर भरवसा ठेवू नये, सड्याच्या खाली उतरलं की रेंज जाते. सगळ्यात शेवटी जो चालतो, त्याच्याकडे हत्यारं आणि औषधं. पुढे पळणाऱ्या वाघाकडे पंप असून काही उपयोग नाही.

डिसेंबरातही इथे घाम फार जातो. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी प्यावं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं तर द्रावण जहाल होतं, पोट बिघडतं. घरचं कोकम सरबत मीठ घालून मिळालं, तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. वाडीतल्या विहिरीचं पाणी घेताना आधी विचारावं, आणि पोहऱ्याला हात लावण्याआधी तर नक्कीच.

[दृश्य : संध्याकाळ. चुलीवर भात. ओट्याला टेकून उभ्या सायकली.]

मुक्कामाची सोय दुपारी बारापर्यंत फोनवर पक्की करावी. आठ माणसांच्या जेवणासाठी कुणीतरी बाजाराला जातं, नारळ सोलतं, मसाला वाटतं. रात्री आठला दारात उभं राहून “काकू, जेवण होईल का?” म्हटलं, तर काकू नाही म्हणणार नाहीत, स्वतःच्या घरातला भात वाढतील. अडचण हीच आहे. कोकणातल्या कितीतरी घरांत आता म्हातारी दोघंच असतात. मुलं मुंबईला, ती गणपतीला आणि शिमग्याला येणार. त्यांच्याकडे आठ भुकेले पाहुणे अवचित धाडणं हा त्यांच्या भलेपणावर टाकलेला दरोडा होतो. नोव्हेंबर-डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार येतात, त्या दिवशी बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत. मागू नयेत. वालाची उसळ आणि सोलकढी मिळते, ती काही कमी नाही.

सोय झालीच नाही, तर देवळाची धर्मशाळा किंवा शाळेचा व्हरांडा. देवळात गुरवाला, शाळेत मुख्याध्यापकांना, आणि दोन्हीकडे सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना विचारून. सकाळी शाळा भरण्याआधी व्हरांडा झाडून निघायचं.

[दृश्य : आरे-वारेचा चढ, खाली समुद्र.]

जयगड सोडल्यावर बंदराचे अवजड ट्रक भेटतात. तिथे एकामागे एक, दोघांत दहा मीटर अंतर ठेवून चालावं. गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. मग पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग. इथून पुढच्या बहुतेक खाड्यांवर पूल आहेत, चाल वाढते. देवगड मागे पडलं की बोलीही बदलते. “खंयसून इलात?” असं कुणी विचारलं, की समजायचं मालवण आलं. उत्तर साध्या मराठीत द्यावं. ओढूनताणून मालवणी बोललेली इथे लगेच ओळखू येते आणि मग चेष्टा सहन करावी लागते.

वेंगुर्ले, शिरोडा, रेडी, आणि तेरेखोलचा किल्ला. किल्ला नदीच्या उत्तरेला असूनही गोव्यात मोडतो. तिथून केरीला फेरी. परतीला थिवी किंवा मडगावहून रेल्वे. सायकली पार्सल कार्यालयात आदल्या दिवशीच नोंदवाव्यात. पेडल काढावेत, हँडल वळवून बांधावं, गिअरच्या बाजूला पुठ्ठा लावावा. लहान स्थानकांवर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात आठ सायकली चढत नाहीत.

घरी पोचल्यावर एक काम उरतं. वाटेत ज्यांचे फोन नंबर घेतले, त्यांना पोचल्याचं कळवायचं. फोटो काढले असतील तर छापून पोस्टाने पाठवायचे, म्हाताऱ्या माणसांना मोबाइलवरचा फोटो पुन्हा सापडत नाही. आणि पुढच्या गटाला ते नंबर देण्याआधी त्या घरी विचारायचं. किती माणसांचं जेवण जमेल, कुठले वार नकोत, पैसे किती. त्यांनी सहा माणसं सांगितली, तर पुढे सहाच सांगायची.